वही घरात, बिल्ला खिशात

या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. यंत्र बंद पडले, आता काय करावे, असे विचारणारी पत्रे पहिल्या वर्गातली. त्यांना उत्तर देणे सोपे असते. यंत्र चालू आहे, पण ते आपल्याला ओळखच देत नाही, अशी तक्रार करणारी पत्रे दुसऱ्या वर्गातली. यंदाच्या दिवाळी अंकासाठी निवडलेले पत्र या दुसऱ्या वर्गातील आहे, आणि त्यातील प्रश्न एकट्या पत्रलेखिकेचा नाही.

पत्र अहिल्यानगरहून आले आहे. २०२४ साली अहमदनगरचे नाव बदलून हे झाले. बोलण्यात मात्र पुष्कळांच्या तोंडी अजून नुसते ‘नगर’च आहे, आणि या लेखात आम्हीही तसेच म्हणू. पत्र लिहिणाऱ्या बाई सावेडीस राहतात. त्यांचे चिरंजीव इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. बाईंच्या भावाची नेप्तीच्या कांदा बाजारात आडत आहे. भाच्याने मामांसाठी एक संकेतस्थळ तयार केले, आणि मामांनी हौसेने पारनेर-पाथर्डीकडच्या शेतकऱ्यांना शब्द देऊन टाकला की, पाडव्यापासून आपापली पट्टी घरबसल्या फोनवर पाहा. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब. किती गोण्या, काय भाव, हमाली-तोलाई-वारई किती कापली, आणि हाती काय पडले.

शेतकऱ्याने आपला नंबर आणि पासवर्ड घातला की संकेतस्थळाचे पहिले पान अगदी अगत्याने ‘रामराम’ करते. पण पुढे ‘माझी पट्टी’ या शब्दांवर बोट ठेवले की दुसरे पान विचारते, ‘आपण कोण?’ चिरंजीवांनी दोन रात्री जागून निदान केले की ‘कुकी वाचली जात नाही’, आणि तिसऱ्या रात्री एक तोड काढली. पानाच्या पत्त्याच्या शेवटी त्यांनी शेतकऱ्याचा खाते क्रमांकच जोडून टाकला. लगेच सगळे सुरळीत चालू झाले. आईने कौतुकाने पाहिले, आणि सहज म्हणून पत्त्यातील ४१७ च्या जागी ४१८ घातले. पडद्यावर दुसऱ्याच एका शेतकऱ्याचे खाते उघडले. त्याने आडतीतून घेतलेली उचलसुद्धा आकड्यानिशी दिसत होती. बाईंनी पान तत्काळ मिटले आणि आम्हाला पत्र लिहावयास घेतले.

त्यांचे दोन प्रश्न आहेत. कुकी म्हणजे काय आणि ती वाचली का जात नाही, हा पहिला. मुलाने काढलेली तोड बरोबर आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर त्यांना ४१८ या आकड्याने दिलेच आहे. मुलीचे लग्न ठरत असलेल्या घराची उचल किती, हे गावात फुटले तर काय होते, ते आडतीवर बसणाऱ्याला सांगावयास नको. आडत्याचा धंदा मालावर चालतो त्याहून अधिक विश्वासावर चालतो. पण ही चूक कशी टाळावी हे समजण्यासाठी पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

विसराळू कारकून

ब्राउझर म्हणजे आपल्या फोनवरचा किंवा संगणकावरचा तो प्रोग्रॅम, ज्यात आपण संकेतस्थळे उघडतो. सर्व्हर म्हणजे दूर कोठे तरी अहोरात्र चालू असलेला संगणक. ब्राउझर मागेल ते पान तो पाठवितो. कोणाला कोणते पान द्यावयाचे याच्या सूचना सर्व्हरवर लिहून ठेवलेल्या असतात. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. नगरच्या या मुलाने आपली स्क्रिप्ट पीएचपी या भाषेत लिहिली आहे. रास्मुस लेर्डॉर्फ या प्रोग्रॅमरने १९९४ साली स्वतःच्या उपयोगासाठी ती सुरू केली आणि १९९५ साली सर्वांना खुली केली. आजही असंख्य संकेतस्थळे तिच्यावर चालतात.

हा सर्व्हर मोठा कामसू, पण कमालीचा विसराळू आहे. एक पान पाठविले की ते कोणाला पाठविले हे तो विसरून जातो. हा दोष कोणाच्या हलगर्जीपणाने राहिलेला नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत ही व्यवस्था प्रथम सुचविली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. वाचनालयाच्या टेबलावरचे वर्तमानपत्र चाळणाऱ्याला ‘काल आपण कोणते पान वाचत होता?’ असे कोणी विचारीत नाही. तेथे ओळख ठेवण्याचे कारणच नव्हते. पुढे याच वाटेने व्यापार आला, आणि अडचण उभी राहिली. गिऱ्हाइकाने एका पानावर साडी निवडावी, पैसे द्यावयास दुसऱ्या पानावर जावे, तो दुकानदार विचारणार, ‘कोणती साडी?’

१९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू मॉन्टुली याने यावर उपाय काढला. सर्व्हरने एक लहानशी चिठ्ठी ब्राउझरच्या स्वाधीन करावी, आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक फेरीत ती आपण होऊन दाखवावी. या चिठ्ठीचे नाव कुकी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींत, एकाने दुसऱ्याला द्यावयाच्या आणि जशीच्या तशी परत घ्यावयाच्या खुणेला ‘मॅजिक कुकी’ म्हणण्याचा प्रघात होता, त्यावरून हे नाव आले. तेव्हा फराळाच्या ताटाशी तिचा संबंध नाही, हे वाचकभगिनींनी लक्षात घ्यावे.

शिर्डीला किंवा कोणत्याही मोठ्या देवस्थानाला गेलेल्या वाचकांना चपलांचा स्टँड आठवत असेल. खिडकीवरचा माणूस दिवसाला हजारो पाय पाहतो. त्याने चेहरे कसे लक्षात ठेवावेत? तो चपला घेतो, खणात ठेवतो आणि खणाच्या नंबराचा बिल्ला आपल्या हातात देतो. दर्शन करून आलो की आपण बिल्ला दाखवितो, तो नंबर वाचतो, आणि आपल्याच चपला आपल्या पुढ्यात येतात. स्मरणशक्ती त्याची नाही, बिल्ल्याची आहे; आणि बिल्ला आपल्या खिशात आहे. कुकी म्हणजे हा बिल्ला. एवढे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की पुढचे सारे सोपे होते.

स्टँडवर घोटाळा झाला तर शहाणा माणूस तीनच प्रश्न विचारतो. बिल्ला दिला होता का? तो परत आणला का? आणि आणला असेल, तर खिडकीवर तो नीट वाचला का? संकेतस्थळाचे दुखणे शोधतानाही हेच तीन प्रश्न, आणि याच क्रमाने, विचारावेत. तरुण मंडळी बहुधा तिसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण वाचण्याच्या ओळी त्यांनी स्वतः लिहिलेल्या असतात आणि त्याच त्यांच्या डोळ्यांपुढे असतात. मग जो बिल्ला आलेलाच नाही, तो वाचण्याच्या खटपटीत दोन रात्री जातात.

पहिला प्रश्न : दिला का?

याचे उत्तर तर्काने काढू नये, डोळ्यांनी पाहावे. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये एफ-१२ हे बटन दाबले की एक पडद्यामागची खिडकी उघडते. तिच्यात ‘नेटवर्क’ या नावाखाली, ब्राउझरने काय मागितले आणि सर्व्हरने काय पाठविले, याची ओळीनिशी नोंद असते. पासवर्ड घातल्यानंतर आलेल्या उत्तरात ‘सेट-कुकी’ या शब्दाने सुरू होणारी ओळ दिसली पाहिजे. ती नसेल तर बिल्ला दिलाच गेला नाही, आणि पुढचे दोन प्रश्न विचारण्याची गरज नाही.

ही ओळ न जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण क्षुल्लक असते. सर्व्हरचे उत्तर दोन भागांत जाते. आधी पाकिटावरचा मजकूर, मग आतले पत्र. कुकी पाकिटावर लिहिलेली असते. पत्राचे एक अक्षर जरी पुढे निघून गेले, तरी पाकिटावर नंतर काही लिहिता येत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला चुकून एखादी रिकामी ओळ किंवा मोकळी जागा राहिली असेल तर तेवढ्यानेही पत्र सुरू झाले असे धरले जाते.

मराठीत लिहिणाऱ्यांना याहून एक छुपा काटा बोचतो. देवनागरी अक्षरे टिकावीत म्हणून फाईल युनिकोडमध्ये साठवावी लागते. विंडोजमधील जुने नोटपॅड अशा फाईलच्या अगदी आरंभी डोळ्यांना न दिसणारी तीन बाइटांची खूण घालीत असे. ‘रामराम’ हा शब्द नीट उमटावा म्हणून फाईल तशी साठवावी, आणि त्या अदृश्य खुणेने पत्र आधीच सुरू होऊन कुकी अडावी, असा हा प्रकार. २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून नोटपॅडने ती खूण आपण होऊन घालणे सोडले. पण जुन्या फाईली पुष्कळांच्या संग्रही असतात. तेव्हा फाईल साठविताना ‘बॉम’शिवाय, असा पर्याय निवडावा.

येथेच आणखी एका कोड्याचा उलगडा होतो. ‘घरच्या संगणकावर चालते, भाड्याच्या सर्व्हरवर चालत नाही,’ असे हे विद्यार्थी शपथेवर सांगतात, आणि ते खरे असते. काही संगणकांवर पीएचपी पानाचा मजकूर लगेच न पाठविता थोडा साठवून मग पाठविते. त्या अवधीत पाकिटावर कुकी लिहून होते, आणि चूक झाकली जाते. दुसऱ्या सर्व्हरवर ही साठवण बंद असली की तीच चूक उघडी पडते.

दुसरा प्रश्न : परत आला का?

सावेडीच्या बाईंनी मुलाच्या पडद्याची छायाचित्रे पत्रासोबत धाडली आहेत, हे फार बरे केले. त्यांत ‘सेट-कुकी’ची ओळ स्पष्ट दिसते. म्हणजे बिल्ला दिला गेला. मात्र ‘माझी पट्टी’ मागताना ब्राउझरने जी मागणी पाठविली, तिच्यात ‘कुकी’ची ओळच नाही. म्हणजे बिल्ला परत आला नाही. रोग या दोहोंच्या मध्ये आहे. वाचण्याच्या ओळींत दोन रात्री शोधून तो सापडणार कसा?

ब्राउझर हा बिल्ल्यांचा चोख रक्षक आहे. ज्याचा बिल्ला त्यालाच दाखवावयाचा, हा त्याचा धर्म. शिर्डीच्या स्टँडचा बिल्ला शनिशिंगणापूरला दाखवून चालत नाही, तसेच एका पत्त्याने दिलेली कुकी तो दुसऱ्या पत्त्याला देत नाही. नगरचे अहिल्यानगर झाल्यावर एखाद्या दुकानदाराने संकेतस्थळाचा पत्ताही बदलला असेल, तर मालक तोच, दुकान तेच, पण ब्राउझरच्या लेखी तो परका. जुन्या पत्त्याच्या कुकी तो नव्याला दाखविणार नाही आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पुन्हा पासवर्ड घालावा लागेल. पत्त्याच्या आधी तीन डब्ल्यू लावले आणि न लावले, एवढ्या फरकानेही हा घोळ होऊ शकतो.

पण नेप्तीचे दुखणे याहून बारीक आहे. एकाच संकेतस्थळात निरनिराळे कप्पे असतात. स्क्रिप्टने कुकी देताना कप्प्याचे नाव सांगितले नाही, तर ज्या कप्प्यातून ती दिली त्या कप्प्यापुरतीच, आणि त्याच्या पोटातल्या कप्प्यांपुरतीच, ती आहे असे ब्राउझर समजतो. या मुलाने पासवर्ड तपासण्याचे पान ‘प्रवेश’ नावाच्या कप्प्यात ठेवले आहे आणि पट्टीचे पान ‘खाते’ नावाच्या कप्प्यात. ‘प्रवेश’चा बिल्ला ‘खाते’च्या खिडकीवर दाखवावयाचा नाही, असे ब्राउझरने इमानेइतबारे ठरविले. कुकी देताना ‘ही सबंध संकेतस्थळासाठी आहे’ असे सांगावे, म्हणजे कप्प्याच्या जागी केवळ एक तिरपी रेघ लिहावी. दोन रात्रींचा रोग एका रेघेने बरा होतो.

परत न येण्याची आणखी तीन कारणे लक्षात ठेवावीत. पहिले, मुदत. कालचा बिल्ला आज चालत नाही. सर्व्हरने मुदत चुकीची घातली असेल, किंवा शेतकऱ्याच्या संगणकाचे घड्याळच पुढे असेल, तर कुकी जन्मतःच मेलेली असते. दुसरे, सुरक्षित वाटेची अट. कुकीवर ‘सिक्युअर’ असा शिक्का असेल तर ती फक्त कुलूपबंद वाटेने, म्हणजे एचटीटीपीएसने, जाते. साध्या वाटेने पान मागितले की ती खिशातच राहते.

तिसरे कारण नवे आहे. परक्या संकेतस्थळाने आपल्याला ढकलून एखाद्या दुकानात पाठविले, तर अशा वेळी त्या दुकानाचा बिल्ला दाखवावा की नाही? पूर्वी ब्राउझर दाखवीत असत, आणि लबाड लोक त्याचा फायदा घेत. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलच्या क्रोम ब्राउझरने नियम कडक करावयास घेतला की, स्क्रिप्टने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर परक्या जागेवरून फॉर्म भरून पाठविलेल्या मागणीबरोबर कुकी द्यावयाची नाही. त्यातही नुकत्याच दिलेल्या कुकीला दोन मिनिटांची सवलत ठेवली. परिणाम असा की, गिऱ्हाईक बँकेच्या पानावर पैसे भरून झटपट परतले तर दुकान त्याला ओळखते; आणि ओटीपीची वाट पाहण्यात वेळ गेला तर तेच दुकान त्याला ‘आपण कोण?’ विचारते. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ अशी तक्रार आली की मिनिटे मोजून पाहावीत.

तिसरा प्रश्न : वाचला का?

बिल्ला आला आहे असे डोळ्यांनी पाहिले, तरच वाचण्याकडे वळावे. येथे चार खाचखळगे आहेत.

पहिला असा की, ज्या फेरीत कुकी दिली त्याच फेरीत ती वाचता येत नाही. बिल्ला हातात देतानाच ‘दाखवा बघू’ म्हणण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक पुन्हा येईल तेव्हाच तो दिसेल. पहिल्याच पानावर कुकी वाचण्याची ओळ घालून ‘रिकामी येते’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

दुसरा खळगा नावाचा. पीएचपीला कुकीच्या नावात टिंब किंवा मोकळी जागा चालत नाही. त्या जागी ती मुकाट्याने खालची आडवी रेघ घालते. टिंब घालून ठेवलेले नाव टिंबासकट शोधले तर सापडावयाचे नाही. नाव साध्या रोमन अक्षरांत, टिंबाशिवाय ठेवावे, आणि लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळावा.

तिसरा खळगा जुळ्यांचा. एकाच नावाच्या दोन कुकी, निरनिराळ्या कप्प्यांच्या, खिशात असू शकतात. ब्राउझर दोन्ही पाठवितो. आधी लांब कप्प्याची, मग आखूड. पीएचपी पहिली घेते आणि दुसरीकडे पाहत नाही. सर्व्हरकडे परत येते ते फक्त नाव आणि मजकूर. कप्पा कोणता, मुदत किती, हे परत येत नाही, म्हणून दोहोंतली जुनी कोणती हे स्क्रिप्टला कळावयास मार्ग नाही. आमचा नगरचा विद्यार्थी वर सांगितलेली रेघ घालील तेव्हा जुनी ‘प्रवेश’ची कुकी ब्राउझरमध्ये शिल्लक असेलच, आणि प्रवेशाच्या पानावर तीच आधी वाचली जाईल. जुनी कुकी पुसताना तिचा मूळ कप्पा आणि पत्ता तंतोतंत सांगावा लागतो, हेही ध्यानात असावे. प्रत्येक चाचणी इन्कॉग्निटो खिडकीत करावी हे उत्तम. तेथे खिसा रिकामाच असतो.

चौथा खळगा लांबीचा. एका कुकीत साधारण ४,०९६ बाइट मावतात, आणि देवनागरीला त्यात मोठी जागा लागते. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत आपले एक चिन्ह तीन बाइटांचे, आणि कुकीत सुखरूप जावे म्हणून त्यातील प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहावा लागतो. ‘कांदा’ हा शब्द घ्या. क, काना, अनुस्वार, द, काना अशी पाच चिन्हे. त्यांचे बाइट पंधरा, आणि कुकीत लिहिल्यावर अक्षरे पंचेचाळीस! शेतकऱ्याचे नाव, गाव आणि पट्टी असे सारेच कुकीत कोंबू पाहणाऱ्याची कुकी ब्राउझर घेतच नाही. आणि ते कोंबण्याचे कारणही नाही.

बिल्ल्यावर काय लिहावे?

आता बाईंचा दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते खरा प्रश्न. तिरपी रेघ घातली, कुकी परत येऊ लागली, पत्त्यातील ४१७ काढून टाकले, म्हणजे काम झाले का? छायाचित्रात दिसते की कुकीतही मुलाने ४१७ हाच आकडा लिहिला आहे. ज्या खिडकीत आपण कुकी पाहिली, त्याच खिडकीत ती बदलताही येते. पत्त्यातला आकडा बदलावयास आईला एक क्षण लागला. कुकीतला बदलावयास एखाद्या चौकस पोराला एक मिनिट लागेल. बिल्ला गिऱ्हाइकाच्या खिशात असतो, आणि खिशातल्या वस्तूवर आपण नसताना काय लिहिले जाईल याचा भरवसा देता येत नाही.

म्हणून बिल्ल्यावर माहिती लिहू नये. कोणाला ओळखता येणार नाही असा लांबलचक, कसलाही क्रम नसलेला नंबर तेवढा लिहावा, आणि तो नंबर कोणाचा हे आपल्याजवळच्या वहीत टिपून ठेवावे. ४१७ नंतर ४१८ येतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण बत्तीस अक्षरांच्या अशा नंबरानंतर कोणता येतो हे कोणालाच सांगता येत नाही. पीएचपीत ‘सेशन’ नावाची जी सोय आहे, ती हेच काम करते. पासवर्ड बरोबर आला की नंबर बदलून नवा द्यावा. शिवाय प्रत्येक पट्टी दाखविण्यापूर्वी स्क्रिप्टने वही उघडून पाहावे की, ही पट्टी या बिल्ल्याच्या धन्याचीच आहे ना? ही एक ओळ असती तर ४१८ घालूनही बाईंना काही दिसले नसते.

ही भीती काल्पनिक नाही. याहू या बलाढ्य कंपनीने २०१७ साली जाहीर केले की, २०१५ आणि २०१६ या काळात बनावट कुकींच्या साहाय्याने सुमारे ३ कोटी २० लाख खात्यांत शिरकाव झाला असावा. पासवर्ड लागलाच नाही; कारण कंपनीचा बिल्ला कसा घडवितात हेच चोरांच्या हाती लागले होते. त्यापूर्वी, २०१० च्या ऑक्टोबरात, एरिक बटलर या प्रोग्रॅमरने ‘फायरशीप’ नावाचे एक साधन लोकांपुढे ठेवले. उघड्या वाय-फायवर बसलेल्या शेजाऱ्याच्या कुकी ते टिपून दाखवी, आणि दोन बोटांच्या हालचालीने त्याच्या खात्यात जाता येई. हेतू चोरीचा नव्हता. बड्या कंपन्या आपले बिल्ले उघड्या वाटेने पाठवितात, हे दाखविण्याचा होता. कुकीवर ‘सिक्युअर’चा शिक्का का मारावा हे यावरून कळेल. त्याच्या जोडीला ‘एचटीटीपी-ओन्ली’ हा शिक्काही मारावा. मग पानात शिरलेल्या एखाद्या परक्या मजकुराला ती कुकी वाचता येत नाही.

नगर जिल्ह्यातच, नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूर आहे. घरांना दारे आणि कुलपे न लावण्याची त्या गावाची परंपरा जगाला ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा गावाच्या श्रद्धेचा मान राखून शाखेला कुलूप घातले नाही. पण लोकांची रोकड सांभाळण्याची व्यवस्था तिने चोख ठेवली. आपले घर उघडे ठेवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याची ठेव उघडी ठेवण्याचा हक्क मात्र कोणालाच नाही. मामांच्या संकेतस्थळाचे पहिले पान, बाजारभाव आणि आडतीचा पत्ता सर्वांना खुशाल खुला असावा. पट्ट्या आणि उचली यांची गोष्ट वेगळी.

घरच्या मंडळींसाठी

ज्यांना स्क्रिप्ट लिहावयाची नाही त्यांनीही या बिल्ल्यातून घेण्यासारखे आहे. परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म आपण पुष्कळदा सायबर कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात भरतो. काम झाल्यावर नुसती खिडकी मिटणे म्हणजे बिल्ला टेबलावर विसरून निघून येणे होय. मागाहून त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या हाती तो पडू शकतो. ‘लॉग आउट’ हे शब्द शोधून ते दाबावेत, म्हणजे बिल्ला परत केला जातो. संकेतस्थळ चांगले बांधलेले असेल तर त्याच वेळी वहीतील नंबरावरही काट मारली जाते, आणि कोणी बिल्ल्याची नक्कल केली असली तरी ती निरुपयोगी ठरते. नेप्तीच्या संकेतस्थळावरही असे करावयास विसरू नये.

दुसरे, ‘कुकी पुसून टाका’ असा सल्ला कोणी दिला तर घाबरू नये. बिल्ला हरवला म्हणून चपला नाहीशा होत नाहीत. ओळख पुन्हा पटवावी लागते इतकेच. मात्र पासवर्ड आठवत नसताना कुकी पुसावयास बसू नये.

चिरंजीवांना आमचा निरोप असा की, दोन रात्री फुकट गेल्या असे त्यांनी समजू नये. मामांना मात्र पाडव्याची घाई करू देऊ नये; लोकांना फोनवर पट्टी चार दिवस उशिरा दिसली तरी चालेल, दुसऱ्याची दिसली तर चालणार नाही. रेघ घालावी, आकड्याच्या जागी लांब नंबर आणावा, वही तपासण्याची ओळ लिहावी, आणि मग शेवटची परीक्षा आईकडून करून घ्यावी. ४१८ घालून पाहण्याचे ज्यांना सुचले, त्यांच्याहून चांगला परीक्षक त्यांना मिळणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठांतून वह्यांची पूजा होईल. नव्या वहीच्या पहिल्या पानावर व्यापारी कुंकवाचे स्वस्तिक काढील आणि ती आपल्या गादीजवळ ठेवील. गिऱ्हाइकाच्या हाती तो पावती देतो, वही देत नाही. संगणकाच्या दुकानदारीलाही हाच रिवाज पुरेसा आहे.